उपजत बुद्धीचें बीळ

‘स्वभावाला औषध नाहीं’ असें आपण म्हणतों, तेव्हां स्वभाव ही रक्ताबरोबर आलेली एक अखंड वस्तु आहे, असें मनांत धरून चालतों. ही समजूत कितपत खरी, याची परीक्षा अमेरिकेंतील दोन रानउंदरांवर झाली. तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

डार्विननें १८५९ सालच्या आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथांत उपजत बुद्धीस एक स्वतंत्र प्रकरण दिलें. मधमाशांचें पोळें किंवा कुक्कू पक्ष्याचें परक्या घरट्यांत अंडें घालणें, या गोष्टीही शरीराच्या अवयवांप्रमाणेंच लहानसहान फरक सांचत जाऊन घडल्या, असें त्याचें प्रतिपादन होतें. परंतु हे फरक आईबापांकडून संततींत उतरतात कसे, हें त्यास सांगतां आलें नाहीं. अनुवंशाचे नियम त्याच्या हातीं नव्हते.

या प्रश्नाचें एक उत्तर पुढें उंदरांच्या बिळांत सांपडलें. अमेरिकेच्या आग्नेय भागांत, उघड्या वालुकामय माळांवर ‘ओल्डफील्ड’ नांवाचा चिमुकला उंदीर राहतो. त्याच्या बिळास लांब प्रवेशमार्ग, शेवटीं घरट्याची खोली, आणि तेथून वर चढून जमिनीच्या किंचित् खालींच थांबणारा चोरमार्ग असतो. पुढच्या दारानें साप शिरला, तर वरचा मातीचा पापुद्रा फोडून धन्यानें निसटावें. आयत्या बिळावर नागोबा आला, तरी त्याच्या वांट्यास रिकामें घर यावें, अशीच जणूं ही योजना! त्याचा जवळचा भाऊबंद ‘डियर’ उंदीर मात्र आखूड, एकमार्गी बीळ खणून स्वस्थ बसतो.

प्रयोगशाळेंत पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या ओल्डफील्ड उंदरांपुढें वाळू ठेवली, तरी ते वाडवडिलांचाच नकाशा उमटवितात. म्हणजे ही विद्या शिकून आलेली नव्हे. १९८८ सालीं वॉलेस डॉसन व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही जातींचा संकर केला. संकरित उंदीर ओल्डफील्डच्याच वळणाचीं बिळें खणूं लागले. २०१३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील जेसी वेबर, ब्रँट पीटरसन व होपी होकस्ट्रा यांनीं अशा संकरित उंदरांचा डियर उंदरांशीं पुन्हां संकर घडविला, आणि बिळांत फुगणारा फेस ओतून त्यांचे ओतीव नमुने काढले. तेव्हां दिसलें कीं, मार्गाची लांबी आणि चोरमार्ग हे गुण वेगवेगळे उतरतात. लांबीशीं जनुकसंचांतील तीन जागा निगडित निघाल्या, चोरमार्गाशीं एक निराळीच. एकसंध वाटणारी ती कारागिरी सुट्या भागांची जुळणी होती.

जनुक कांहीं स्वतः माती उकरीत नाहीं. मधें मेंदू आहे. २०२५ सालीं याच दोन जातींच्या मेंदूविषयींचें संशोधन प्रसिद्ध झालें. झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखी छाया वरून दाखविली असतां डियर उंदीर आसऱ्याकडे धांव घेतो. ओल्डफील्ड जागच्या जागीं थबकतो, कारण उघड्या माळावर हालचालच घात करते. छाया दोघांसही दिसते. फरक निघाला तो मध्यमेंदूंतील एका लहानशा भागांत. पळण्यास प्रवृत्त करणारा हा भाग दोघांतही आहे. पण डियर उंदरांत तो चटकन् पळ काढावयास लावतो, ओल्डफील्डमध्यें सहसा लावीत नाहीं.

हें सर्व उंदरांपुरतेंच असतें, तर येथें थांबतां आलें असतें. परंतु स्वभाव रक्तांत अखंड उतरतो, या समजुतीनें आपल्या देशांत मोठा अनर्थ केला आहे. १८७१ च्या कायद्यानें ब्रिटिश सरकारनें सबंध जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविलें. तो शिक्का कायद्यांतून पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. महाराष्ट्रांतील पारधी कुटुंबांस त्याची झळ अद्याप सोसावी लागते. उंदरांचा धडा याच्या उलट आहे. दोन भिन्न जातींतील बिळाचा फरकसुद्धां तुकड्यातुकड्यांनीं उतरतो. चोरी ही तर मुळीं उपजत प्रवृत्तिच नव्हे; कायद्यानें एका कृत्यास दिलेलें तें नांव आहे. आणि येथें जात एकच आहे, मनुष्याची.