जुनी बुलपप घ्यावी का?
वापरलेली बुलपप रायफल घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारेन, तिची सुधारणा झाली आहे का?

बुलपपचं मॅगझिन ट्रिगरच्या मागे असतं. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची राहूनही बंदूक आखूड होते. ब्रिटनने १९८५ मध्ये अशी एल-८५ रायफल स्वीकारली. १९९१ च्या आखाती युद्धात, वाळूत ती ऐन वेळी अडकू लागली. पुढे हेकलर अँड कॉखने सुमारे २ लाख रायफली सुधारल्या. म्हणजे कोरी होती तेव्हा बेभरवशाची, जुनी झाल्यावर विश्वासू! तरी रिकामं काडतूस उजवीकडेच उडतं, डावखुऱ्याच्या तोंडावर. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगमध्ये बोल्ट बदलून ही बाजू बदलता येते.

म्हणून मी बंदुकीचं वय नाही, दुरुस्तीची नोंद पाहीन. इथली चूक सैनिकाच्या जिवावर बेतते.