चौतीस तास: विनिपेगच्या कॅज्युअल्टीतला घटनाक्रम

शुक्रवार, १९ सप्टेंबर २००८, दुपार

विनिपेग ही कॅनडातल्या मनिटोबा प्रांताची राजधानी. तिथल्या एका छोट्या दवाखान्यात ब्रायन सिंक्लेअर व्हीलचेअरवरून आले आहेत. वय ४५, आनिशिनाबे या मूलनिवासी समाजाचे. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात ते एका चर्चच्या पायऱ्यांवर गोठलेल्या अवस्थेत सापडले होते. हिमदंशाने दोन्ही पाय कापावे लागले. मूत्राशयाच्या नसा काम करत नाहीत, म्हणून लघवीसाठी नळी बसवलेली आहे आणि ती तुंबली आहे. डॉक्टर मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून देतात. टॅक्सी बोलावली जाते. इथपर्यंत प्रत्येकाने आपलं काम नीट केलं आहे.

दुपारी तीनच्या सुमारास

हेल्थ सायन्सेस सेंटर, प्रांतातलं सर्वात मोठं हॉस्पिटल. कॅज्युअल्टीत शिरल्यावर सिंक्लेअर ट्रायाजच्या टेबलापाशी जातात. आलेल्यांपैकी आधी कोणाला तपासायचं, हे इथे ठरतं. तिथला मदतनीस त्यांच्याशी बोलतो, कागदावर काहीतरी टिपून घेतो. सिंक्लेअर वेटिंग रूममध्ये जाऊन थांबतात.

त्या टिपणावरून पुढे काहीच होत नाही. रजिस्टरमध्ये नाव चढत नाही, त्यामुळे त्यांना कोणी पुकारणारही नाही. नंतर प्रशासनाने सांगितलं की हा माणूस टेबलापर्यंत आलाच नव्हता. कॅमेऱ्यातल्या चित्रणाने ते खोटं पाडलं.

शुक्रवार, रात्र

तुंबलेल्या नळीमुळे मूत्राशयात लघवी साचत जाते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, संसर्ग पोटाच्या आतल्या आवरणापर्यंत पोचतो, पेरिटोनायटिस म्हणतात तो हाच, आणि मग रक्तात. यावरचा इलाज कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्याला जमण्यासारखा आहे: नळी बदलायची, अँटिबायोटिक सुरू करायचं. त्यासाठी ना मोठी शस्त्रक्रिया लागते, ना दुर्मीळ औषध. लागतं ते एवढंच की कोणीतरी जवळ येऊन विचारावं, काय होतंय?

रात्र सरते. पाळ्या बदलतात. व्हीलचेअर आहे तिथेच आहे.

शनिवार, २० सप्टेंबर

त्यांना उलट्या होतात, एकदा नव्हे, अनेकदा. सफाई कर्मचारी येऊन फरशी पुसतात. उलटीसाठी भांडं दिलं जातं. हे भांडं माझ्या मनातून जात नाही. म्हणजे ते कोणाला दिसलेच नाहीत, असं म्हणायची सोय नाही. ते दिसत होते, त्यांची उलटी दिसत होती. फरशी स्वच्छ झाली, भांडं आलं. नर्स मात्र आली नाही.

वेटिंग रूममध्ये बसलेले परके लोक अस्वस्थ होतात. त्यांना वैद्यकातलं काही कळत नाही, पण हा माणूस ठीक नाही एवढं कळतं. ते कर्मचाऱ्यांना आणि सुरक्षारक्षकांना जाऊन सांगतात. कोणी उठत नाही.

का उठत नाही, ते काही वर्षांनी साक्षींमधून बाहेर आलं. कोणाला वाटलं, प्यायलाय, उतरेपर्यंत झोपू दे. कोणाला वाटलं, बेघर आहे, उबेला आलाय. आणखी कोणाला वाटलं, याला तपासून झालंय, न्यायला गाडी यायची असेल. त्यांना कोणी शिवी दिल्याची, हाकलल्याची नोंद नाही. पण व्हीलचेअरवरचा मूलनिवासी माणूस म्हटल्यावर उत्तर प्रत्येकाकडे तयार होतं, आणि उत्तर तयार असलं की प्रश्न विचारला जात नाही. मी याला निष्काळजीपणा म्हणणार नाही. निष्काळजीपणा माणूस पाहून होत नसतो.

हा अनुभव कॅनडातल्या मूलनिवासींना नवा नव्हता. एकेकाळी त्यांच्यासाठी सरकारने वेगळी ‘इंडियन हॉस्पिटलं’च चालवली होती. याच मनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री समाजाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मुलगा २००५ मध्ये, पाचव्या वर्षी, विनिपेगच्या हॉस्पिटलातच वारला. त्याच्या घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, हा वाद तोवर मिटला नव्हता. असं घडत राहिलं की लोक दवाखान्याची पायरी चढणंच टाळतात. २०१५ मधल्या एका कॅनेडियन अहवालात हेच नोंदलं आहे: कॅज्युअल्टीत जाण्याआधी मूलनिवासी रुग्ण तिथल्या वागणुकीला तोंड कसं द्यायचं याची तयारी करतात, नाहीतर जातच नाहीत. दुखणं अंगावर काढलं जातं, आजार बळावतो, आणि मग हेच लोक मुळात आजारी, असं म्हणायला आकडे तयार होतात.

रविवार, २१ सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर

आणखी एक परका माणूस सुरक्षारक्षकाला सांगतो. या वेळी रक्षक जाऊन पाहतो. नाडी लागत नाही. व्हीलचेअर धावत आत नेली जाते. दारापासून उपचारापर्यंतचं हे अंतर कापायला ३४ तास लागले. शरीर ताठरलेलं आहे. मृत्यू होऊनही काही तास उलटून गेले आहेत.

त्यानंतर

२०१२ मध्ये सरकारी वकिलांनी ठरवलं की कोणावरही गुन्हा दाखल करायचा नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश टिमोथी प्रेस्टन यांच्यापुढे चौकशी सुरू झाली. मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी तिथे सांगितलं की परीकथेतली हिमगौरी जरी त्या दिवशी आली असती, तरी तिच्याही वाट्याला हेच आलं असतं. पुढे, व्यवस्थेतल्या वंशद्वेषाच्या खोलात ही चौकशी जाणार नाही, हे स्पष्ट झाल्यावर सिंक्लेअर कुटुंब तिच्यातून बाहेर पडलं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अहवाल आला, ६३ शिफारशींचा. हा मृत्यू टळू शकला असता, हे त्याने मान्य केलं. पण ज्या प्रश्नासाठी कुटुंब उठून गेलं होतं, तो हाती घ्यायला डॉक्टर, अभ्यासक आणि कायदेतज्ज्ञांना स्वतःचा गट उभारावा लागला.

२८ सप्टेंबर २०२०

सिंक्लेअर यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, क्युबेक प्रांतातलं जोलिएत शहर. आतिकामेक समाजाच्या जॉयस एशाकवान, वय ३७, सात मुलांची आई, हॉस्पिटलच्या खाटेवर वेदनेने कण्हत आहेत. त्यांनी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण सुरू केलं आहे. कर्मचारी त्यांना हिणवत असल्याचं त्यात ऐकू येतं. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू होतो. या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनर जेहान कामेल यांनी २०२१ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं की या मृत्यूत वंशद्वेषाचा वाटा आहे, आणि जॉयस गोऱ्या असत्या तर आज जिवंत असत्या, असं आपल्याला वाटतं, असंही त्या म्हणाल्या. मूलनिवासींना भेदभावाविना उपचार मिळावेत म्हणून आतिकामेक समाजाने ‘जॉयसचं तत्त्व’ नावाचा मसुदा सरकारपुढे ठेवला होता. त्यात व्यवस्थेतला वंशद्वेष मान्य करावा लागत होता, म्हणून क्युबेक सरकारने तो पूर्णपणे स्वीकारायला नकार दिला.