कॅमेऱ्यातील ‘कलर स्पेस’ आणि ‘डायनॅमिक रेंज’ : कोणती सेटिंग कधी ठेवावी?

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसणारा फोटो सोशल मीडियावर टाकला की कधी कधी फिका का दिसतो? यामागे बऱ्याचदा मेन्यूतली एक सेटिंग असते.

कलर स्पेस म्हणजे काय?

जेपेग फोटोत प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या ० ते २५५ या आकड्यांत साठवला जातो. त्या आकड्यांचा अर्थ नेमकी कोणती छटा, हे कलर स्पेस ठरवते. कॅमेऱ्यात सहसा दोन पर्याय असतात :

• एसआरजीबी : एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेला. इंटरनेटवर हाच गृहीत धरला जातो.
• अ‍ॅडोबी आरजीबी : १९९८ मधला. यात हिरव्या आणि हिरवट-निळ्या छटा जास्त मावतात. दर्जेदार छपाईसाठी उपयोगी.

एखाद्या अ‍ॅपने अ‍ॅडोबी आरजीबीचे आकडे एसआरजीबी समजून वाचले, की रंग फिके पडतात. अशी फाइल ओळखणे सोपे आहे : कॅमेरा तिच्या नावाच्या सुरुवातीला अंडरस्कोर लावतो. रॉ फाइलमधल्या माहितीवर मात्र या सेटिंगचा परिणाम होत नाही.

डायनॅमिक रेंज म्हणजे काय?

सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांमधले जेवढे अंतर कॅमेरा तपशिलासह टिपू शकतो, ती डायनॅमिक रेंज. ती ‘स्टॉप’मध्ये मोजतात, एक स्टॉप वाढला म्हणजे प्रकाश दुप्पट. खोलीत बसलेली व्यक्ती आणि खिडकीबाहेरचे ऊन एकाच फोटोत असेल, तर फरक फार मोठा होतो. मग खिडकी पांढरीफटक होते किंवा चेहरा काळवंडतो.

त्यासाठी कॅननमध्ये हायलाइट टोन प्रायॉरिटी, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, सोनीत डीआरओ आणि फुजीफिल्ममध्ये डीआर१००, २००, ४०० असे पर्याय असतात. यांनी सेन्सरची क्षमता वाढत नाही. उदाहरणार्थ, फुजीफिल्मचा कॅमेरा उजळ भाग वाचवण्यासाठी फोटो थोडा कमी प्रकाशात टिपतो आणि नंतर गडद भाग उजळवतो. म्हणून डीआर२०० ला किमान आयएसओ दुप्पट, तर डीआर४०० ला चौपट लागतो आणि सावलीत दाणेदारपणा वाढू शकतो.

मग काय ठेवावे?

सोशल मीडियासाठी कलर स्पेस कायम एसआरजीबी. डायनॅमिक रेंज प्रकाश पाहून : कडक उन्हात किंवा खिडकीसमोर वाढवा, ढगाळ हवेत बंद ठेवा. चुकीची कलर स्पेस नंतर बदलता येते. पण पूर्ण पांढऱ्या झालेल्या आकाशातले ढग जेपेगमधून परत मिळत नाहीत.