हरलेल्या सिद्धांताने काय दिले?

विश्वाची सुरुवात कशी झाली असे विचारले, की नववी-दहावीचा विद्यार्थी 'महास्फोटाने' असे चटकन सांगतो. पण हे कशावरून, असे विचारले की तो अडखळतो. दोष त्याचा नाही. आपण त्याला जिंकलेला सिद्धांत तेवढा सांगतो; सामना सांगायचा राहून जातो.

दीर्घिका जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आपल्यापासून लांब जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवले. म्हणजे विश्व प्रसरण पावते आहे आणि पूर्वी ते अधिक दाट असले पाहिजे. मात्र हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे. किरणोत्सारावरून काढलेले पृथ्वीचे वय त्याहून जास्त येई. आईपेक्षा लेकच मोठी!

१९४८ साली केंब्रिजमधील बाँडी, गोल्ड व हॉइल यांनी वेगळी वाट सुचवली. विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. ते प्रसरण पावते, पण विरळ होत नाही. कारण नवे द्रव्य सतत निर्माण होते. नदीचे पाणी पुढे जाते, तरी वरून नवे येत राहिल्याने पातळी तीच राहते, तसे हे. हाच स्थिर स्थिती सिद्धांत.

किती द्रव्य लागेल? एका घनमीटरात १०० कोटी वर्षांत साधारण एक हायड्रोजन अणू. वर्गाची खोली २०० घनमीटरांची धरली, तर तिच्यात ५० लाख वर्षांतून एक! प्रयोगशाळेत हे तपासणे अशक्य. पण दुसरी कसोटी होती. दूरचे पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे. विश्व सदैव सारखेच असेल, तर दूरचे विश्वही जवळच्यासारखेच दिसायला हवे.

मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोत मोजून १९५५ साली सिद्धांत चुकल्याचे जाहीर केले. पण त्या मोजणीतच मोठ्या चुका निघाल्या. १९६१ साली त्यांनी सुधारित मोजणी मांडली. तिला हॉइल यांनी आपले तरुण विद्यार्थी, कोल्हापूरचे जयंत नारळीकर, यांच्यासह उत्तर दिले. मात्र १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सुमारे ३ केल्विनचे प्रारण सापडले. तप्त आरंभाची ही खूण स्थिर स्थितीला सहज समजावता येईना. वयाचे कोडेही तोवर सैल झाले होते : १९५२ साली बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे दुपटीने वाढवली होती. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

नारळीकरांनी हॉइल व बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली सुधारित रूप मांडले. २०२५ साली पुण्यात त्यांचे निधन झाले, तोवर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्याच बाजूला होते.

मग हा सिद्धांत वाया गेला का? तप्त आरंभ नसेल, तर मूलद्रव्ये ताऱ्यांतच घडायला हवीत. हॉइल १९४६पासून तेच शोधत होते. आता ते अटळ झाले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९५७ साली लिहिलेला निबंध आजही पायाभूत आहे. हेलियम मुख्यतः आरंभीचाच ठरला. पण आपल्या हाडांतले कॅल्शियम आणि रक्तातले लोह ताऱ्यांत घडले, हे टिकले.

स्थिर स्थिती सिद्धांत चुकीचा ठरू शकला, कारण काय दिसायला हवे हे त्याने आधीच स्पष्ट सांगितले होते. म्हणून वर्गात महास्फोट शिकवताना दोन्ही सिद्धांत फळ्यावर शेजारी शेजारी लिहू या आणि विचारू या : यांतला निवडायचा, तर आकाशात काय पाहाल?