वास्तुविद्येचे उच्च शिक्षण आणि धंदा



घर बांधणाऱ्याला विद्या किती हवी, हा प्रश्न आपल्या समाजाने फार उशिरा विचारला. मी राहतो ते सोनारी हे धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यातले गाव, तेथील काळभैरवनाथामुळे दूरवर परिचित आहे. चैत्रातील यात्रेत असंख्य माणसे त्या देवालयात येऊन जातात. पण त्याचे दगड ज्यांनी घडविले त्यांनी कोणत्या विद्यालयाची पदवी घेतली होती, असे कोणी विचारीत नाही. पाथरवटाचा मुलगा बापाच्या हाताखाली छिन्नी धरावयास शिके. त्याचे शिक्षण कोणत्या दिवशी संपले आणि धंदा कोणत्या दिवशी सुरू झाला, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

आज तसे राहिलेले नाही. शालेय शिक्षणानंतर पाच वर्षांचा पदवीचा अभ्यासक्रम, आणि त्यावर इच्छा असल्यास बहुधा आणखी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, असा क्रम झाला आहे. ‘पाच वर्षे शिकविले, आता ही पुढची दोन कशासाठी?’ असे पालक विचारतात. शेताचा तुकडा विकून फी भरणाऱ्याचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचित नव्हे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. वास्तुविद्येत मला गती आहे असा माझा दावा नाही. परंतु आयुष्यभर इतिहास शिकविल्यामुळे, कोणत्याही प्रश्नाचे उत्तर आधी मागे वळून शोधावे, अशी खोड जडली आहे. तेव्हा आज मागेच पाहू.

मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली निघाले. पण वास्तुविद्येला तेथे स्वतंत्र स्थान मिळावयास अर्धे शतक लोटावे लागले. प्रारंभी जो वर्ग होता तो नकाशे काढणाऱ्यांचा, म्हणजे ड्राफ्ट्समनचा. इमारतीची कल्पना साहेबाने करावयाची व ती कागदावर सुबक उतरवावयाची एवढे काम एतद्देशीयाचे, अशी ती वाटणी होती. पुढे सरकारचे सल्लागार आर्किटेक्ट जॉन बेग यांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आखला गेला, आणि १९१३ मध्ये वास्तुविद्येचा स्वतंत्र विभाग झाला. ह्या विभागातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली एक मंडळ स्थापिले व गेटवे ऑफ इंडियाचे रचनाकार जॉर्ज विटेट यांस त्याचे पहिले अध्यक्ष केले. तेच मंडळ नावे बदलीत १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाले. धंद्याची संघटना विद्यार्थ्यांच्या मंडळातून जन्मास यावी, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. शाळा आणि कचेरी ह्यांच्यामध्ये त्या काळी आजच्याइतकी उंच भिंत नव्हती. विभागाचे धुरीण क्लॉड बॅटली हे स्वतःच शिकवीत आणि बांधकामेही करीत. जुन्या भारतीय इमारतींची प्रत्यक्ष मापे घेऊन नकाशे काढण्यावर त्यांचा मोठा कटाक्ष होता. फूटपट्टी घेऊन दगडाजवळ जावयाचे, मग मत द्यावयाचे!

ह्याच विभागात १९३५ साली कोकणातील आचरे गावचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव अच्युत कानविंदे. जन्म १९१६ चा, वडील चित्रकार. पदविका मिळाल्यावर तो नुकत्याच स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सेवेत शिरला. परिषदेला देशात ठिकठिकाणी संशोधनशाळा उभारावयाच्या होत्या, आणि अशी इमारत कशी असावी ह्याचा अनुभव आपल्याकडे फारच थोडा होता. कारकुनांची कचेरी बांधणे वेगळे आणि प्रयोगशाळा बांधणे वेगळे. प्रयोगशाळेत पाणी, वायू व वीज प्रत्येक टेबलापाशी यावी लागते, विषारी वाफा बाहेर काढाव्या लागतात, यंत्राचा हादरा शेजारच्या तराजूस लागता कामा नये. आणि आजचा प्रयोग उद्या बदलणार असल्याने खोलीच्या भिंतीही हलविता आल्या पाहिजेत. दर्शनी कमान व खांब ह्यांच्या अभ्यासाने ही अडचण सुटत नाही.

हिंदुस्थान सरकारने १९४५ साली कानविंद्यांना अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाठविले ते अशा वेळी. तेथे वॉल्टर ग्रोपिअस हे अध्यापक होते. जर्मनीत १९१९ मध्ये ‘बाउहाउस’ ही शाळा काढून कारागिरी व कला एकाच छपराखाली शिकविणारे ते हेच ग्रोपिअस. पॉल रुडॉल्फ आणि आय. एम. पेई हे पुढे जगविख्यात झालेले वास्तुविशारद त्याच सुमारास तेथे शिकत होते. १९४७ मध्ये कानविंदे परतले आणि संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले. येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते पुढील शिक्षणास गेले ते पदवीमागे आणखी एक पदवी लावण्यासाठी नव्हे. हातात एक अपुरे काम होते, त्या कामाने एक प्रश्न उभा केला होता, आणि तो प्रश्न घेऊन ते गेले. परत आल्यावर उत्तर कसोटीस लावावयास देशभर जागा मोकळी होती. अशी संधी सर्वांस लाभत नाही हे खरे; पण संधीचे हे स्वरूप ओळखण्यासारखे आहे.

पुढे अहमदाबादची ‘अटिरा’ ही कापडधंद्याची संशोधनसंस्था त्यांनी उभारली. १९५५ मध्ये शौकत राय यांच्या भागीदारीत स्वतःची कचेरी थाटली. कानपूरची आय. आय. टी. हे त्यांचे काम पाहण्याजोगे आहे: ग्रंथालय, वर्ग, प्रयोगशाळा वरच्या मजल्यावरील छपराच्या मार्गांनी जोडलेल्या, विद्यार्थ्याने उन्हापावसाचा त्रास न होता एका इमारतीतून दुसरीत जावे. विटांचे व काँक्रीटचे रूप उघडे ठेवलेले. हार्वर्डचा धडा कानपूरच्या उन्हात असा बदलला. १९६९ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर भारतातील विद्यापीठांच्या आवारांच्या रचनेवर ग्रंथही लिहिला. शिक्षण, काम, आणि कामातून पुन्हा शिक्षण, असा हा क्रम २००२ साली त्यांचे निधन होईपर्यंत चालला.

कोणी म्हणेल, पदव्युत्तर शिक्षणावाचूनही मोठेपण येते. अगदी खरे. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईचा अभ्यासक्रम अर्धा सोडून परदेशी गेले आणि पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत राबले. पहिले काही महिने तर बिनपगारी. त्याच दोशींनी १९६२ मध्ये अहमदाबादेस वास्तुविद्येची शाळा काढली आणि २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. परंतु ल कॉर्ब्युझिएची कचेरी हीच दोशींची पदव्युत्तर शाळा होती, असे म्हटल्यास काय बिघडले? पाथरवटाच्या मुलाची जुनी परंपरा ती हीच.

आता कायदा पाहू. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी झालेल्यांपुरते राखून ठेवले. त्या नोंदणीस पहिली पदवी पुरते. सारांश, धंदा करावयाचा तर पुढील पदवी सक्तीची नाही. अध्यापनातील वरच्या जागांसाठी मात्र ती लागते. म्हणून पुष्कळ मुले पदवी हाती पडताच, एकही इमारत पायापासून छतापर्यंत वाढताना न पाहता, पुढील वर्गात बसतात. मला ही घाई रुचत नाही. ज्याने गवंड्याशी एकदाही वाद घातला नाही त्याने प्रबंधासाठी विषय आणावा तरी कोठून?

विषयांचा तर आमच्या जिल्ह्यात तोटा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. सोनारी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, त्यामुळे आम्ही वाचलो. पण आमची घरे त्याच जातीची. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर लाकडी तक्तपोशीवर हात-दीड हात मातीचे माळवद. हे माळवद उन्हाळ्यात घर थंड ठेवते. त्या पहाटे तेच काळ झाले. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड नव्हते, म्हणून भिंती फुटून दोन्हीकडे कोसळल्या. परंतु ज्या घरांचे छत भिंतीवर नसून लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होते, तेथे भिंत पडूनही छत पुष्कळदा उभे राहिले. अशिक्षित सुताराने साधलेली ही गोष्ट पुढे अभियंत्यांनी अभ्यासिली, आणि उरलेल्या घरांच्या दुरुस्तीत आरपार दगड व खांबांना तिरपे आधार देण्याची पद्धत आली.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे मात्र नव्या जागी, शहरासारख्या काटकोनी रस्त्यांवर वसविण्यात आली. घरे मजबूत झाली, ह्याबद्दल कृतज्ञता हवी. पण गुरे कोठे बांधावीत, कणगी कोठे ठेवावी, शेजारी कोण असावा, हे प्रश्न नकाशात पुरतेपणी उतरले नाहीत. लोकांनी मागाहून पडव्या काढल्या, पत्र्याची छपरे जोडली. एका पिढीच्या वास्तुविशारदांना पुरेल एवढा अभ्यास तेथे पडून आहे, आणि तो कोणत्याही परदेशी विद्यापीठात आयता मिळणार नाही.

माळवदाची माती किती हलकी केली असता गारवाही राहील व भारही उतरेल, खण किती अंतरावर असावेत, ह्या प्रश्नांवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध हाती घेतला, तर मोजण्यासाठी जुनी घरे परंडा तालुक्यात अद्याप मिळतील. मात्र पत्रा आणि स्लॅब ज्या वेगाने घरांवर चढत आहेत तो पाहता, ती फार वर्षे मिळतील असे वाटत नाही.