दंतसंसर्ग, प्रतिजैविके आणि रुग्णांची धारणा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दाढ दुखू लागली, गाल सुजला की दंतवैद्याकडे जाण्याऐवजी आधी मेडिकलची पायरी चढणारा रुग्ण आपल्या समाजात नवा नाही. मागच्या वेळची गोळीच पुन्हा द्या, अशी त्याची मागणी असते. दात आतून स्वच्छ करण्याचा किंवा काढण्याचा सल्ला मिळाला, तर आधी गोळ्यांनी सूज उतरू द्या, असे तो म्हणतो. या वृत्तीस अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. प्रस्तुत लेखात मात्र ही वृत्ती इतिहासाच्या ओघात कशी घडली, याचा मागोवा घेतला आहे.

कीड, जंतू आणि भय

‘दाताला कीड लागली’ हा मराठी शब्दप्रयोग एका प्राचीन कल्पनेची आठवण देतो. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ या दंतरोगाचा उल्लेख आहे. दात पोखरणाऱ्या अळीची कल्पना प्राचीन मेसोपोटेमियातही होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ही अळी नाकारली. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी, तोंडातील जंतू अन्नातील पिष्ट व शर्करेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात झिजतो, असे प्रतिपादन केले. अशा रीतीने अळीची जागा जंतूने घेतली. परंतु आत जे जिवंत आहे ते मारले की रोग संपतो, ही लोकधारणा मात्र टिकून राहिली.

या धारणेच्या जोडीला भयही होते आणि ते निराधार नव्हते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये हनुवटीखाली व मानेत झपाट्याने पसरणाऱ्या सुजेचे वर्णन केले. बहुतेक वेळा खालच्या दाढांतून सुरू होणारा हा विकार प्रतिजैविकांच्या पूर्वी निम्म्याहून अधिक रुग्णांचे प्राण घेत असे.

गोळीवरील विश्वासाचा उगम

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला आणि १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे रुग्णांवर त्याचे उपचार सुरू झाले. त्यानंतर लुडविगच्या विकारातील मृत्यूंचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले. शस्त्रक्रिया व श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची तंत्रे यांचाही त्यात वाटा होता. तथापि लोकांच्या मनावर ठसले ते औषधच. भारतात १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परदेशातून येणारे दुर्मिळ औषध आता आपल्याच भूमीत बनू लागले.

१९६२ मध्ये इंग्लंडमध्ये एक लक्षणीय घटना घडली. अन्य विकारासाठी मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा तीव्र दाहही त्याच औषधाने बरा झाला. तिच्या अनुभवातून हे औषध दंतचिकित्सेत आले. १९७० च्या दशकात अमॉक्सिसिलिनची भर पडली. गोळीने दाताचा विकार बरा होतो, ही समजूत अशा प्रत्यक्ष अनुभवांवर उभी आहे.

मर्यादा व इशारा

तथापि या अनुभवाला एक मर्यादा आहे. दाताच्या आतील मज्जा मृत झाली की तेथील रक्तपुरवठा थांबतो. मग रक्तावाटे येणारे औषध संसर्गाच्या मूळ जागी पोहोचत नाही. सूज तात्पुरती ओसरते, ठणका थांबतो आणि रुग्ण उपचार पुढे ढकलतो. काही महिन्यांनी तोच दात पुन्हा उठतो. पू वाहून जाऊ देणे, रूट कॅनाल करणे किंवा दात काढणे हाच खरा उपाय होय. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये, अन्यथा निरोगी प्रौढांच्या बहुतेक दंतवेदनांत असे प्रत्यक्ष उपचार शक्य असल्यास प्रतिजैविके देऊ नयेत, अशी शिफारस केली. ताप येणे किंवा सूज पसरणे अशा प्रसंगी मात्र ती आवश्यकच ठरतात.

फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच धोका ओळखला होता. घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन विकत घेऊन अपुऱ्या मात्रेत घेणारा एक काल्पनिक गृहस्थ त्यांनी उभा केला. त्याच्या अंगात औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, त्यांची लागण पत्नीला होते आणि ती दगावते. स्वतःच्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजणे, हेच या प्रश्नाचे नैतिक मर्म आहे.

भारतात प्रतिजैविके परिशिष्ट ‘एच’ नुसार केवळ चिठ्ठीवर विकता येतात. २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ परिशिष्टात काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. परंतु दातांसाठी नेहमी दिली जाणारी अमॉक्सिसिलिन व मेट्रोनिडॅझोल ही औषधे त्या यादीत घेतली गेली नाहीत.

निष्कर्ष

रुग्णाचा गोळीवरील विश्वास हा एका खऱ्या यशाचा वारसा आहे. चूक आहे ती त्या यशाचा अर्थ लावण्यात. पेनिसिलिनने पसरणाऱ्या संसर्गातून माणसे वाचवली, किडलेला दात मात्र कधीच बरा केला नाही. हा भेद रुग्णास समजावून सांगणे हे केवळ दंतवैद्याचे काम नव्हे. महाविद्यालयीन अध्यापकांनी, मग ते कोणत्याही विद्याशाखेचे असोत, वर्गात हा इतिहास मांडल्यास पुढची पिढी मेडिकलच्या आधी दंतवैद्याची पायरी चढेल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.