एमसीबी आणि आरसीसीबी: गरजेच्या क्षणी ट्रिप व्हावेत म्हणून काय करावे?

सर्किट ब्रेकर म्हणजे विजेच्या मंडलात दोष निर्माण होताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. घरातल्या डीबी बॉक्समध्ये तो सहसा दोन प्रकारांत असतो: एमसीबी आणि आरसीसीबी. काही इलेक्ट्रिशियन आरसीसीबीलाच ईएलसीबी म्हणतात.

पंखा बिघडला तर तो फिरत नाही, म्हणून लगेच कळते. ब्रेकर बिघडला तरी घरातले दिवे लागतच राहतात. त्याचा बिघाड कळतो तो थेट अपघाताच्या वेळी. म्हणून ब्रेकर मुद्दाम तपासावा लागतो.

दोघांचे काम वेगळे

एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो. बराच वेळ जास्त भार राहिला तर त्यातली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झाले तर आतली चुंबकीय कॉइल क्षणात खटका पाडते. घरात नेहमी वापरल्या जाणाऱ्या 'सी' प्रकारच्या एमसीबीमध्ये असे तात्काळ तोडणे त्याच्या रेटिंगच्या ५ ते १० पट प्रवाहाला घडते.

आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो पाहतो. घरगुती आरसीसीबीवर सहसा ३० मिलिअँपिअर लिहिलेले असते. एवढी गळती झाली की त्याने ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडायला हवा.

हा फरक महत्त्वाचा आहे. शरीरातून २०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी जीव जाऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही, कारण १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर.

आरसीसीबीची तपासणी

आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले छोटे बटण असते. ते दाबले की आत मुद्दाम थोडी गळती घडवली जाते आणि खटका लगेच खाली पडायला हवा. किती दिवसांनी दाबायचे ते उपकरणावर किंवा माहितीपत्रकात दिलेले असते.

- संगणक आधी बंद करा. घरात विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण असेल तर त्याची सोय करूनच बटण दाबा.
- पुरवठा चालू असतानाच बटण दाबा. वीज नसताना ही चाचणी होत नाही.
- खटका पडला नाही तर इलेक्ट्रिशियनकडून आरसीसीबी बदलून घ्या.

या बटणाने अर्थिंग तपासले जात नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून वेगळे मोजून घ्यावे.

एमसीबीची काळजी

एमसीबीला टेस्ट बटण नसते. वर्षातून एकदोनदा त्यावरची उपकरणे बंद करून खटका खाली-वर करावा. तो अडकत असेल, सैल वाटत असेल किंवा वर टिकत नसेल तर एमसीबी बदलावा. मात्र खटका नीट हलला म्हणजे आतली पट्टी आणि कॉइलही ठीक आहे असे सिद्ध होत नाही.

सैल स्क्रू हे बिघाडाचे नेहमीचे कारण आहे. सैल जोडाजवळ उष्णता वाढते, प्लास्टिक तपकिरी पडते, जळका वास येतो. अशा उष्णतेने भार कमी असतानाही एमसीबी पडू शकतो. स्क्रू आवळण्याचे काम इलेक्ट्रिशियननेच करावे: मेन स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडच्या टोकाला वीज असते, आणि इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वायरीही जिवंत राहतात.

ओल, धूळ, मुंग्या आणि पाली यांपासून बॉक्स जपावा. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर ती आधी थांबवावी. ब्रेकरमध्ये तेल किंवा वंगण घालू नये आणि तो उघडून दुरुस्त करू नये.

वारंवार ट्रिप होत असेल तर

आरसीसीबी पडत असेल तर सगळे एमसीबी बंद करून तो वर करा आणि मग एकेक एमसीबी चालू करा. ज्याला तो पडेल, दोष बहुधा त्या मंडलात असतो. सगळे बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रल अर्थिंगला लागल्याची शक्यता असते. इन्व्हर्टर बसवताना न्यूट्रल चुकीची जोडली गेली तरीही असे होते.

पुन्हा पुन्हा पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणे धोकादायक आहे. वायर जुनीच राहते; मग एमसीबी पडण्याआधी ती तापून जळू शकते. आरसीसीबी वगळून थेट जोडणी करणे म्हणजे शॉकपासूनचे संरक्षण काढून टाकणे. ट्रिप होणे ही दोषाची सूचना असते. दुरुस्ती त्या दोषाची करावी.